ट्रेलरच्या चाकांना प्रेशर सेन्सर लावताना धातूचे व्हॉल्व्ह कसे निवडावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात मंडप आणि लाइटचं काम करणाऱ्या एका भावाकडे दोन धुऱ्यांचा बंद ट्रेलर आहे. तो पिकअपच्या मागे लावून अमरावती, चंद्रपूर, कधी समृद्धीवरून थेट संभाजीनगरपर्यंत जातो. टायर १८५ आर १४, ८ पीआर (म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा), ट्यूबलेस, लोखंडी रिम. त्यांनी व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी फिरवून बसवायचे प्रेशर सेन्सर घेतले आहेत. टायरवाला म्हणतो, आहेत ते रबरचे व्हॉल्व्ह चालतात. मित्र म्हणतो, मेटलचे टाक. शिवाय सेन्सर लावल्यापासून एका चाकाची हवा रात्रीतून उतरते. काय करावं? आणि त्यापेक्षा टायरच्या आत बसणारे सेन्सर घ्यावेत का?

भाऊ, मेटलचे टाका. पण "मेटल" एवढंच सांगून दुकानात गेलात तर तुमच्या हातात काहीही पडू शकतं, आणि चुकीचा धातूचा व्हॉल्व्ह चांगल्या रबरी व्हॉल्व्हपेक्षा जास्त त्रास देतो. म्हणून कारणासकट सांगतो. अमरावती रोडवर वाडीच्या बाजूला माझं आयुष्य टायर चढवण्या-उतरवण्यात गेलं आहे. ट्रेलरचं चाक हे सगळ्यात दुर्लक्षित चाक असतं, हे मी रोज बघतो.

आधी रबरी व्हॉल्व्हचं बघू. कारच्या रिमला ओढून बसवतात तो काळा व्हॉल्व्ह, त्याचा नेहमीचा नंबर टीआर ४१३. त्याच घराण्यात ४१२ हा आखूड, ४१४ आणि ४१८ हे लांब. या सगळ्यांची मर्यादा थंड टायरमध्ये ६५ पीएसआय. कारमध्ये आपण ३०-३५ भरतो, त्यामुळे तिथे हा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं निवांत बसतो. तुमच्या ८ पीआर टायरला पूर्ण वजनासाठी ६५ लागतात. म्हणजे तुमचा व्हॉल्व्ह पहिल्या दिवसापासून कड्यावर उभा आहे. कुणी १० पीआर टायर टाकला आणि ८० भरले, तर तो मर्यादेच्या बाहेरच गेला. टायरवाल्याचं "चालतात" हे चूक नाही, ६५ ला तो व्हॉल्व्ह चालतो. पण ते झालं सेन्सर नसलेल्या व्हॉल्व्हबद्दल.

सेन्सर लावला की व्हॉल्व्हचं काम बदलतं, आणि माझं खरं म्हणणं इथेच आहे. प्लास्टिकच्या टोपीला वजन असं नसतंच. सेन्सर मात्र १०-१२ ग्रॅमचा असतो. ज्यातून सेन्सर न काढता हवा भरता येते तो तर २५ ग्रॅमच्या आसपास जातो. हातात घेतला तर वाटतं, यात काय एवढं? पण तो फिरत्या चाकावर, रिमच्या कडेला बसलेला असतो. तुमचा टायर साधारण ६५ सेंटीमीटर व्यासाचा आणि सेन्सर चाकाच्या मध्यापासून १७ सेंटीमीटरवर धरला, तर ताशी ८० किलोमीटरला त्याच्यावर गुरुत्वाच्या ८० पट जोर येतो. १२ ग्रॅमचा सेन्सर बाहेरच्या दिशेला जवळजवळ एक किलोच्या वजनासारखा ओढतो. ताशी १०० ला तोच दीड किलो होतो. २५ ग्रॅमवाला १०० ला तीन किलोच्या वर ओढतो. ही ओढ व्हॉल्व्हच्या टोकाशी असते आणि रबर रिमच्या भोकाशी वाकतं. गाडी थांबली की सरळ, निघाली की परत वाकडं. सिग्नलला, टोलनाक्याला, गतिरोधकाला, दर वेळी हेच. रबर नेमकं याच कामाला कमी पडतं. त्याला बुडाशी बारीक तडे जातात, आणि ते रिमच्या भोकात दडलेले असल्यामुळे वरून दिसत नाहीत.

लहान चाकाला हे आणखी जड जातं. छोट्या मालवाहू गाड्यांचे १४५ आर १२ टायर लावलेले ट्रेलर आपल्याकडे भरपूर आहेत. लहान चाक त्याच वेगाला जास्त गरगरा फिरतं, म्हणून ताशी ८० ला तिथे गुरुत्वाच्या सुमारे १०० पट जोर येतो. "आपलं चाक छोटं आहे, त्याला काय होतं" असं म्हणणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात घ्यावं.

आता तुमची रात्रीतून उतरणारी हवा. टोपीसारखा सेन्सर दाब मोजतो कसा? तो आतली पिन दाबून धरतो. म्हणजे सेन्सर बसला की व्हॉल्व्हची पिन कायमची उघडी. एरवी पिन हवा धरून ठेवते आणि टोपी फक्त धूळ अडवते. सेन्सर लावल्यावर हवा धरणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे सेन्सरच्या तळाचं बारीकसं रबरी वायसर. ते वाकडं बसलं, त्यात वाळूचा कण अडकला, किंवा व्हॉल्व्हचं तोंड ठेचलेलं असलं, की हवा हळूहळू जाणारच. तुमच्या त्या चाकाचा सेन्सर आधी काढा. टायर ६५ ला भरा, साधी टोपी लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी हवा टिकली असेल तर दोष सेन्सरच्या वायसरमध्ये किंवा व्हॉल्व्हच्या तोंडात आहे. नसेल टिकली तर साबणाचं पाणी घ्या. आधी पिनेवर लावा, मग व्हॉल्व्हचं बूड बोटाने चारही बाजूंना हलवत तिथे लावा. रबरी व्हॉल्व्ह सरळ उभा असताना बुडबुडा येत नाही, वाकवला की येतो. पंक्चरवाल्याकडे नेलं तर तो बहुतेकदा टायर पाण्यात बुडवून बघतो, खिळा शोधतो, काही सापडत नाही आणि चाक परत देतो. त्याला सांगा, व्हॉल्व्ह वाकवून बघ.

रबरी व्हॉल्व्ह खराब निघण्याची गोष्ट फक्त आपल्या रस्त्यांची नाही. २००८ मध्ये अमेरिकेत लाखो रबरी व्हॉल्व्ह परत बोलवावे लागले होते, कारण हवेतल्या ओझोनने त्यांच्या रबराला वेळेआधीच तडे जात होते. ओझोनपासून वाचवणारं रसायन रबरात मिसळावं लागतं, ते नीट मिसळलं नव्हतं. आपल्याकडे व्हॉल्व्ह सुटे, पिशवीतून विकले जातात. त्यावर नंबर असतो, पण कधी बनला ते बहुतेक कुठेच नसतं. टायरच्या बाजूला आठवडा आणि वर्ष कोरलेलं असतं, व्हॉल्व्हला ती सोय नाही. म्हणून माझ्याकडे नियम एकच आहे. टायर उतरला की व्हॉल्व्ह नवा. ट्रेलर महिनोन्‌महिने उन्हात उभा असतो, त्याचं रबर न चालताही म्हातारं होतं.

आता धातूच्या व्हॉल्व्हकडे येऊ. यात पहिला प्रश्न रिमच्या भोकाचा आहे. कार आणि छोट्या मालवाहू गाड्यांच्या रिमला बहुतेक वेळा साडेअकरा मिलिमीटरचं भोक असतं. काही रिमना सुमारे १६ मिलिमीटरचं असतं. ट्रकच्या साडेबावीस इंची ट्यूबलेस रिमचं भोक वेगळंच, ९.७ मिलिमीटरचं. तिथे टीआर ५०० घराण्याचे व्हॉल्व्ह लागतात, त्यांचा तुमच्याशी संबंध नाही. ट्रेलर वर्कशॉपमध्ये बनवून घेतला असेल आणि रिम कबाडीतून आल्या असतील, तर चारही चाकांचं भोक सारखं असेलच याची खात्री धरू नका. चारही मोजा. कॅलिपर नसेल तर ड्रिलचे ११ आणि १२ चे बिट घालून बघा. ११ चा जातो आणि १२ चा जात नाही, म्हणजे साडेअकराचं भोक.

तुम्हाला हवा तो व्हॉल्व्ह म्हणजे आतून घालून बाहेरून नट आवळायचा प्रकार, नंबर टीआर ४१६. याची मर्यादा २०० पीएसआय आहे, म्हणजे तुमच्या गरजेच्या कितीतरी वर. बहुतेक पाकिटांत दोन मापांची रबरं येतात, त्यामुळे हाच व्हॉल्व्ह साडेअकराच्या आणि मोठ्या, दोन्ही भोकांना बसतो. भोकाप्रमाणे रबर निवडायचं. दुकानदार पाकीट फोडून सुटा व्हॉल्व्ह देत असेल तर दोन्ही रबरं मागून घ्या. मोठ्या भोकात लहान रबर बसवलं की वरून सगळं ठीक दिसतं आणि पहिल्या खड्ड्याला हवा जाते.

मधला एक पर्यायही आहे, टीआर ६०० एचपी. तो रबरीच, पण जास्त दाबाचा. त्यात पितळी नळी लांब आणि जाड असते, रबर फक्त बुडाशी, आणि तो १०० पीएसआयपर्यंत चालतो. ट्रेलरला सेन्सर नसता तर मी तुम्हाला हाच दिला असता. बसवायला सोपा, नट ढिला होण्याची भानगड नाही, दगड लागला तर थोडा लवतो. पण सेन्सर आहे, आणि रबर बुडाशीच आहे. ओढ तिथेच येणार. हलका सेन्सर आणि शहरातल्या शहरात फिरणारा ट्रेलर असेल तर टाका. समृद्धीवर तासन्‌तास एकाच वेगाने जाणार असाल तर नटवालाच घ्या.

धातू कोणता, यावर लोक सगळ्यात जास्त फसतात. बाजारात चकचकीत व्हॉल्व्ह दोन प्रकारचे मिळतात. एक पितळेचा, वर निकेलचा मुलामा. दुसरा अॅल्युमिनियमचा. रंगीत, लाल-निळे मिळतात ते जवळपास सगळे अॅल्युमिनियमचे. दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत, त्यामुळे चुंबकाचा उपयोग नाही. हातात तोलून बघा, पितळ स्पष्ट जड लागतं. तरी शंका असेल तर बुडाचा जो भाग टायरच्या आत जाणार आहे तिथे सुरीच्या टोकाने जरा खरवडा. पिवळं दिसलं की पितळ. तुम्हाला पितळच हवं. कारण सेन्सरच्या आतल्या आट्या बहुतेक पितळेच्या असतात. पितळ आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकलेले, मध्ये पावसाचं पाणी किंवा गाडी धुतल्याचा ओलावा, असं झालं की अॅल्युमिनियम कुजायला लागतं. पांढरी भुकटी धरते आणि आट्या एकमेकींत जाम होतात. मग हवा भरायला सेन्सर काढायला जाल तर सेन्सर निघणार नाही. जोर लावला तर व्हॉल्व्ह मोडेल, आणि मोडला तर तिथल्या तिथे टायर बसेल. नागपुरात समुद्राची खारी हवा नाही, म्हणून हे सावकाश घडतं इतकंच. जून ते सप्टेंबरचा पाऊस त्याला पुरेसा आहे.

हाच नियम आतल्या पिनेलाही लागतो. अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन टाकली तर ती आत जाम होते, त्यासाठी निकेल चढवलेली पिन येते. पितळी व्हॉल्व्ह घेतला की हा प्रश्नच राहत नाही. पितळी व्हॉल्व्हवरही सेन्सर महिन्यातून एकदा काढून, आट्या कोरड्या फडक्याने पुसून परत बसवत जा. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं अगदी बारीक बोट लावलं तर चांगलंच. पण पिनेच्या तोंडात ग्रीस जाऊ देऊ नका, त्यावर धूळ बसते आणि तीच धूळ वायसरखाली जाते.

लांबी. लोक हौसेने लांब व्हॉल्व्ह घेतात, हवा भरायला सोपं म्हणून. सेन्सर लावायचा असेल तर जितका आखूड चालेल तितका आखूड घ्या. लांब नळीच्या टोकाला वजन म्हणजे बुडावर जास्त जोर, आणि रिमच्या बाहेर डोकावणारा सेन्सर म्हणजे दगडाला, फुटपाथच्या कडेला, मंडपाच्या बांबूला आमंत्रण. सेन्सर बसवल्यावर रिमच्या कडेला सरळ पट्टी आडवी धरा. सेन्सर पट्टीच्या आत राहिला पाहिजे. मात्र इतकाही आखूड नको की सेन्सरच्या चोरीविरोधी नटला आट्याच उरणार नाहीत. तो नट आधी व्हॉल्व्हवर फिरवतात, मग सेन्सर, मग नट उलटा सेन्सरला भिडवतात. दोन्ही मिळून किती आट्या खातात ते दुकानातच बसवून बघा. सेन्सर खिशात टाकूनच व्हॉल्व्ह घ्यायला जा.

लोखंडी रिमला प्लास्टिकचा व्हील कॅप लावला असेल तर तो काढून टाका. सेन्सर त्याला घासतो आणि कॅप जरा फिरला की व्हॉल्व्हलाच कापतो. आणि चाक चढवल्यावर हाताने पूर्ण एक फेरा फिरवून बघा. काही रिममध्ये व्हॉल्व्हचं भोक आतल्या बाजूला असतं, तिथे व्हॉल्व्हचं बूड किंवा सेन्सर ब्रेकच्या ड्रमजवळ येतो.

आता बसवणं. टीआर ४१६ टाकायला टायरची एक बाजू रिमपासून सुटी करावीच लागते, कारण व्हॉल्व्ह आतून येतो. बीड, म्हणजे टायरची रिमला धरून बसणारी कड, रिमबाहेर पूर्ण उतरवायची गरज नाही, बाहेरची बाजू दाबून हात आत जाईल एवढी जागा झाली की पुरे. भोकाभोवतीची जागा हेच खरं काम आहे. जुन्या लोखंडी रिमला तिथे गंज चढलेला असतो. रबरी व्हॉल्व्ह फुगून गंजाच्या खाचा भरून काढत होता. नटवाल्या व्हॉल्व्हचं रबर पातळ असतं, त्याला सपाट, स्वच्छ पत्रा लागतो. तारेच्या ब्रशने दोन्ही बाजू घासा, भोकाच्या कडेला धार असेल तर गोल कानशीने मोडा, प्राइमरचा पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या रंगावर आवळलं तर रंग दबतो, नट ढिला पडतो. गंजाने भोक अंडाकृती झालं असेल किंवा पत्रा खाल्ला गेला असेल तर ती रिम बदला. तिथे जास्तीचं रबर किंवा सोल्यूशन भरून भागवू नका. ६५ पीएसआयला असलं जुगाड टिकत नाही.

क्रम असा: व्हॉल्व्हच्या बुडाला रबर, ते आतून भोकात, मग बाहेरून वायसर आणि नट. काही पाकिटांत बाहेरही रबर असतं, ते पत्रा आणि वायसर यांच्यामध्ये येतं. रबराला साबणाच्या पाण्याचा हात लावा, तेल किंवा ग्रीस नको. नट आवळताना व्हॉल्व्ह फिरू देऊ नका, रबर पिळलं जातं. पाकिटावर टॉर्क, म्हणजे नट किती जोराने आवळायचा तो आकडा, लिहिलेला असतो, तो छोट्या टॉर्क पान्याने द्या. इम्पॅक्ट गन या नटच्या जवळपासही आणू नका. पकडीने जीव लावून आवळणारे पोरं मी पाहतो, त्यात रबर बाजूने बाहेर येतं, आणि बाहेर आलेलं रबर उन्हाने सहा महिन्यांत चिरतं. पान्याशिवाय करायचंच असेल तर रबर थोडं फुगलेलं दिसेपर्यंत आवळा आणि थांबा. सेन्सर मात्र हातानेच घट्ट करायचा, पान्याने कधीच नाही.

हवा भरून बुडाशी, पिनेशी आणि सेन्सर लावल्यावर त्याच्या तळाशी साबणाचं पाणी लावा. चार-पाच दिवसांच्या चालीनंतर परत एकदा. बुडाशी बुडबुडा दिसला तर नट आणखी आवळून दाबून टाकू नका, रबर बदला. आणि हो, सेन्सरचं वजन एका बाजूला आल्यामुळे चाकाचं बॅलन्सिंग सेन्सर लावूनच करून घ्या. ट्रेलरच्या चाकाचं बॅलन्सिंग आपल्याकडे कुणी करत नाही, ते करावं.

कडक व्हॉल्व्हचा एक तोटा मी लपवणार नाही. तो लवत नाही. शेताच्या बांधावरून किंवा खडी टाकलेल्या मैदानातून ट्रेलर नेताना दगड सेन्सरवर आला, तर रबरी व्हॉल्व्ह बाजूला झाला असता. धातूचा व्हॉल्व्ह मार सरळ बुडाला देतो किंवा सेन्सर फुटतो, आणि सेन्सर फुटून तळ व्हॉल्व्हवरच राहिला तर पिन दाबलेलीच राहते आणि हवा जाते. म्हणून आखूड व्हॉल्व्हचा एवढा आग्रह. कार्यक्रमाच्या मैदानात शिरण्याआधी सेन्सर काढून साध्या टोप्या लावल्या तरी हरकत नाही, तिथे ताशी पाच-दहाच्या वेगाला सेन्सरचं काहीच काम नसतं. डब्यात चार टोप्या ठेवा, त्याही आत रबर असलेल्या.

आतले सेन्सर घ्यावेत का, असंही तुम्ही विचारलं आहे. टायरच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाला बसणारे सेन्सर चोरीला जात नाहीत, दगड लागत नाही, पिन मोकळी राहते. ज्याचा ट्रेलर सतत लांबच्या रस्त्यावर आहे त्याने तेच घ्यावेत. पण त्यांचा व्हॉल्व्ह सेन्सरसोबतच येतो, दुसरा चालत नाही. बॅटरी संपली की टायर उतरवावा लागतो. आणि टायर चढवणाऱ्याला आत सेन्सर आहे हे सांगितलं नाही तर टॉमीच्या (टायर उचकटायच्या पहारीच्या) पहिल्याच फटक्यात तो जातो. घेण्याआधी त्याची दाबाची मर्यादा बघा. कारसाठी बनवलेले काही सेन्सर तुमच्या ६५ आणि वर तापल्यावर चढणाऱ्या आकड्यापर्यंत मोजतच नाहीत.

आता नागपूरच्या उन्हाबद्दल, कारण सेन्सर लावल्यावर लोक आकडे बघून घाबरतात आणि नको ते करून बसतात. सकाळी ३० अंशाला थंड टायरमध्ये ६५ भरले. दुपारी मे महिन्याच्या ४५ अंशात, तापलेल्या काँक्रीटवर तास-दोन तास चाललात, टायरमधली हवा ६५ अंशांवर गेली, तर स्क्रीनवर ७४ च्या आसपास आकडा दिसेल. हे बरोबर आहे. टायर आणि व्हॉल्व्ह दोघांच्याही मर्यादा थंड दाबाच्या असतात, तापून वाढणारे हे आठ-दहा त्यात धरलेले असतात. अशा वेळी ढाब्यावर थांबून हवा काढून परत ६५ ला आणणारे खूप जण भेटतात. तसं केलंत तर दुसऱ्या सकाळी त्याच टायरमध्ये ५७ उरतात. मग पूर्ण भरलेला ट्रेलर कमी हवेवर चालतो, टायरची बाजू जास्त दबते, जास्त लवते, जास्त तापते. उन्हाळ्यात टायर फुटतात ते बहुतेक याच वाटेने. "उन्हाळ्यात हवा कमी ठेवा" हा सल्ला आपल्याकडे बापापासून पोराकडे चालत आला आहे, पण तो सोडायलाच हवा. नायट्रोजन भरला म्हणून हे आकडे बदलत नाहीत, तापल्यावर तोही तितकाच फुगतो.

उलट बाजूही लक्षात ठेवा. मे मध्ये ६५ भरलेला टायर डिसेंबरच्या १२ अंशाच्या सकाळी, एक थेंबही न गळता, ६० दाखवेल. दिवाळीनंतर एकदा हवा भरून घ्यायचीच.

म्हणून अलार्म असे लावा: आधार सकाळचा थंड ६५. खालचा अलार्म ५५ ते ५७ वर. वरचा ८२ च्या आसपास, कारण ७५ वर ठेवलात तर उन्हाळ्यात रोज दुपारी वाजेल, आणि रोज वाजणारा अलार्म माणूस बंद करून टाकतो. तापमानाचा अलार्म मशीनमध्ये जो असेल तो राहू द्या. उभ्या ट्रेलरच्या उन्हाच्या बाजूची दोन चाकं सावलीच्या बाजूपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त दाखवतील, त्याने बिचकू नका. चालताना मात्र चारपैकी एकच चाक बाकीच्या तिघांपेक्षा तापत असेल, तर आकडा अलार्मच्या आत असला तरी थांबा. हवा बरोबर असेल तर त्या चाकाचं बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक बघा. सेन्सरचा हा उपयोग लोकांना माहीतच नसतो.

दोन धुऱ्यांच्या ट्रेलरला सेन्सर लागतोच, असं माझं ठाम मत आहे. एका धुऱ्याचा ट्रेलर टायर बसला की एका बाजूला झुकतो, चालकाला कळतं. दोन धुऱ्यांमध्ये एक टायर बसला की शेजारचा मुकाट्याने त्याचं ओझं उचलतो. पुढे पिकअपमध्ये काहीच जाणवत नाही. शेजारचा दुप्पट वजनाने तापतो आणि मग दोघेही जातात. शिवमडक्याहून समृद्धीवर चढल्यावर पुढे लांब पट्ट्यात ना पंक्चरवाला ना थांबायला जागा. तिथे पाच मिनिटं आधी कळणं आणि न कळणं यात ट्रेलर सरळ राहणं आणि उलटणं एवढा फरक पडतो. ट्रेलरची बॉडी लोखंडी आणि लांब असल्यामुळे मागच्या चाकांचा सिग्नल पुढे केबिनपर्यंत पोचत नसेल, तर त्याच कंपनीचा सिग्नल पुढे पाठवणारा डबा मिळतो, तो ट्रेलरच्या पुढच्या टोकाला लावा. मागच्या चाकाचा आकडा बराच वेळ बदलत नसेल तर तो बरोबर आहे असं समजू नका, कदाचित नवा सिग्नल आलेलाच नाही.

तर तुमच्यासाठी खरेदी अशी: निकेल चढवलेले पितळी टीआर ४१६, आखूड, दोन्ही मापांच्या रबरांसकट, पाच नग. पाचवा स्टेपनीला. स्टेपनी महिनोन्‌महिने ट्रेलरच्या पोटाखाली चिखलात टांगलेली असते. तिच्यावर जुना रबरी व्हॉल्व्ह राहिला तर रस्त्यात चाक बदलल्यावर तुम्ही सेन्सर त्याच व्हॉल्व्हवर फिरवाल आणि त्यावरच घरापर्यंत याल. स्टेपनीतही ६५ भरून ठेवा आणि दर महिन्याला तिची हवा गेजने बघा, तिला सेन्सर नाही.